बिब्बा उतला का?

भवानी पेठ, सोलापूर
१० सप्टेंबर १९७८

चि. मल्लू,

आधी अव्वाचं सांगते, न्हाईतर तू पत्र उलटंपालटं करून तेवढंच हुडकत बसतोस. अव्वा बरी हाय. तुज्या मुंबईत विजेचा शेक घेऊन आली त्याला वरीस होत आलं, गालफडातली गाठ काही परत दिसली न्हाय. मऊ भात खाते, माज्यावर ओरडते, म्हंजे ठीकच की. फक्त शेक दिलेली जागा, कानाखालून गळ्यापातूर, काळी पडलीय आणि तव्यागत कोरडी झालीय. तितं आतून ठणकतं म्हणून रोज कण्हायची.

मग मागच्या आठवड्यात शेजारची काशम्मा आली. बिब्बा घालण्यात ती वस्ताद हाय. तिनं बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला आणि जे तेल सुटलं त्याच्या दोन रेघा अव्वाच्या त्या काळ्या जागेवर ओढल्या. मी तुज्या दाजींच्या दुकानावर होते. आल्यावर बघितलं तर रेघा वाळल्या होत्या. अव्वाला बिब्बा कसा उततो ते तुला ठावं हाय. अक्कलकोटला परटानं नव्या लुगड्यावर बिब्ब्याची नुसती खूण केल्ती, तेवढ्यावर कमरेला फोड आले आणि तोंड सुजून डोळे मिटले. तू ल्हान होतास. आपल्या आईलाच बघून 'ही माजी अव्वा न्हाय' म्हणून भोकाड पसरलं होतंस. तवापासून आपल्या घरात कवा बिब्बा आला न्हाय. मी काशम्माला तोंडाला येईल ते बोलले.

पण मल्लू, बिब्बा उतला न्हाय. एक पुटकुळी न्हाय, खाज न्हाय, लाली न्हाय. काशम्मा म्हणते, शेकानं अंगातली सगळी उष्णता काढून घेतली, बाई आता सुधारली. तुजे दाजी पेढे घेऊन आले आणि गल्लीत वाटले. मी सिद्धेश्वराला नारळ फोडला. तू अव्वाला मुंबईला न्यायचा हट्ट धरलास तवा मीच आडवी आल्ते, आता तुजंच खरं म्हणायचं.

तुजी अक्का


मुंबई
१६ सप्टेंबर १९७८

ती. अक्का,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दाजींच्या पेढ्यांचा वास इथपर्यंत आला. तरी एक ऐक. त्या काळ्या जागेवर परत बिब्बा घालू देऊ नकोस. काशम्माबाईंना माझ्या वतीने हात जोड. हळद नको, चुना नको. विभूतीसुद्धा अव्वाने कपाळाला लावावी, गळ्याला नको.

मी इथे दिवसभर काय करतो हे तू दर वेळी विचारतेस आणि मी टाळतो. आता सांगतो. आमच्या प्रयोगशाळेत गिनीपिग आहेत, घुशीएवढे, स्वभावाने गरीब. त्यांच्या कातडीवर आम्ही किरण सोडतो, अव्वाला दिले तसलेच. मग कातडीचा एवढासा तुकडा रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. चांगल्या कातडीत चांदणीसारख्या पेशी दिसतात, हातपाय पसरून बसलेल्या. त्या राखणदार आहेत. बाहेरचं काही अंगाला लागलं की त्या ओळखतात आणि आत वर्दी देतात. मग रक्त धावून येतं, सूज येते, फोड येतात. बिब्बा उततो तो ह्या राखणदारांनी आरडाओरडा केल्यामुळे. किरण पडलेल्या जागी मात्र काही दिवसांनी बघावं तर चांदण्या विरळ झालेल्या असतात आणि उरलेल्यांचे हातपाय आखडलेले. जगभर लोक हे नुकतंच शोधू लागलेत, आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. पण अव्वाच्या गळ्यावर बिब्बा उतला नाही तो ती बरी झाली म्हणून नव्हे. तिथे ओरडायला कोणी उरलेलं नाही. उद्या तिथे जखम झाली तरी कातडी सांगणार नाही.

एवढ्या जागेपुरतंच असेल तर घाबरायचं कारण नाही. म्हणून एक कर. अव्वाच्या डाव्या हाताला, मनगटाच्या वर, आतल्या बाजूने बिब्ब्याचा एक ठिपका लाव, टाचणीच्या डोक्याएवढा. हाताला किरण लागलेले नाहीत, तिथे तो उतला पाहिजे. उतला की लगेच कळव.

तुझा मल्लू


भवानी पेठ, सोलापूर
२२ सप्टेंबर १९७८

मल्लू,

तुजं पत्र तुजे दाजी नेहमीसारखं सोप्यात बसून मोठ्यानं वाचाय लागले. टाचणीच्या डोक्यापातूर गेल्यावर त्यांची जीभ अडखळली, पण तवर सगळं वाचून झाल्तं. अव्वा समोरच शेंगा निवडत बसल्ती. म्हणली, "माज्या कातड्यात राखणदार होते आणि मला कुणी बोललं न्हाय. आता काय, बदली झाली व्हय त्यांची?" आमी हसलो. ती बी हसली. मग लई वेळ तिच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या.

तू शिकलास, मोठा झालास, सगळं खरं. पण आई म्हंजे तुजं गिनीपिग न्हाय. जिचं तोंड सुजलं म्हणून रडला होतास तिलाच मी माज्या हातानं बिब्बा लावू? आणि वर म्हणतोस, उतला पाहिजे. कुटला पोरगा आईच्या अंगावर फोड यावेत म्हणून वाट बघतो? आणि न उतला तर काय, ते तू लिवलंच न्हाईस. मला कमी कळतं, पण पत्रात काय गाळलंय तेवढं कळतं.

काशम्मा रुसून बसलीय. पेढे खाल्लेली माणसं दारात थांबून अव्वाची चौकशी करतात. त्यास्नी मी काय सांगू? बिब्बा उतला न्हाय ते वाईट झालं, असं सांगू? मी ठिपका लावणार न्हाय. परत लिवू नकोस.

अक्का


मुंबई
२८ सप्टेंबर १९७८

ती. अक्का,

हे दुकानाच्या पत्त्यावर पाठवतोय. दाजी, कृपा करून मोठ्याने वाचू नका, अक्काच्या हातात द्या.

तू बोललीस ते बरोबर आहे, मी गाळलं होतं. आता लिहितो. हॉस्पिटलात गाठीच्या रोग्यांच्या दंडाला एक औषध लावतात. धडधाकट माणसाचा दंड त्याने लाल होऊन सुजतो. रोग्यांपैकी ज्यांचा सुजतो त्यांचं अंग अजून झुंजतंय असं धरतात. ज्यांचा सुजत नाही त्यांचं काय, हे मी एकदा मोठ्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी चष्मा पुसला आणि चहा मागवला. नंतर म्हणाले, सगळेच जातात असं नाही.

बिब्बा हे आपल्या घरचं तसलंच औषध आहे. गळ्यावर उतला नाही तो किरणांमुळे असेल. हातावरही उतला नाही, तर ते किरणांपुरतं नाही. मग अव्वाच्या सगळ्या अंगातलेच राखणदार दमले, आणि गाठ आत कुठेतरी वाढतेय.

कळून काय करणार, असं तू विचारशील. खरं सांगतो, काही करता येणार नाही. त्या जागी पुन्हा शेक देता येत नाही, मी विचारून आलोय. गेलेल्या चांदण्या परत कशा आणायच्या हे कुणालाच माहीत नाही, आमच्या साहेबांनाही नाही. दिवसभर गिनीपिगच्या कातडीत डोळे घालून बसतो आणि माझ्या आईच्या कातडीत काय चाललंय ते मला ठाऊक नाही. तिला शेकाला मीच आणलं. गाठ गेली ती त्याने आणि हेही झालं ते त्यानेच. आईचा हात सुजावा असं मला वाटतंय, आणि त्याची मला लाज वाटते. पण वाटतंय. झोप लागत नाही अक्का. 'उतला' एवढा एक शब्द लिहिलास तरी पुरे.

मल्लू


भवानी पेठ, सोलापूर
१९ ऑक्टोबर १९७८

चि. मल्लू,

उतला. झालं समाधान?

उशीर झाला म्हणून रागावू नकोस. पत्र लपवलं तरी अव्वाला सगळं कळतं. माजं तोंड बघून तिनंच विचारलं आणि तिनंच हात पुढं केला. "लाव की, पोरानं मागितलंय तर," म्हणली. मी काशम्माकडनं बिब्बा आणून ठिपका लावला. दोन दिवस काहीच न्हाय. मग जी खाज सुटली म्हणतोस, भाकरी थापता थापता हात थांबायचा. मग लाल झालं, मग मुगाएवढे फोड आले, फुटून पाणी गळाय लागलं. त्याला लागू नये म्हणून बांगड्या पार कोपरापातूर सरकवून ठेवाव्या लागल्या. आता खपली धरलीय. तुज्या नावानं दिवसभर शिव्या चालू होत्या, त्या काही लिवत न्हाय.

तुजे राखणदार हायेत ठिकाणावर. आता झोप जा. वेळेवर जेव. तितल्या खानावळीत भाकरी मिळत नसंल तर कुणाबरोबर तरी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी धाडते.

तुजी अक्का


मुंबई
२४ ऑक्टोबर १९७८

ती. अक्का,

पत्र जिन्यातच फोडलं आणि जिन्यातच बसलो. खोलीतला सोबती विचारायला लागला, काय रे, कसली आनंदाची बातमी? आईच्या हाताला फोड आलेत म्हटलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला.

खपली काढू नका, आपोआप पडू दे. फार खाजलं तर गार पाण्याची घडी ठेव. अव्वाला म्हणावं, शिव्या साठवून ठेव, समोर बसून खातो. अक्का, तू हे केलंस, तुझे उपकार कसे फेडू? त्या रात्री मी सकाळपर्यंत झोपलो, कूससुद्धा बदलली नाही.

दिवाळीला येणार होतो ते आता राहू दे. जनावरांची नवी तुकडी आलीय आणि किरण दिल्यावर त्यांना सोडून निघता येत नाही. आता घाईही नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला येतो, चांगला आठवडाभर राहतो. नंदीध्वजांची मिरवणूक बघायला अव्वाला दाजींच्या दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून बसवू. काशम्माबाईंचा रुसवा काढायला त्यांना मुंबईहून काय आणू ते विचारून ठेव.

तुझा मल्लू


भवानी पेठ, सोलापूर
२० डिसेंबर १९७८

चि. मल्लू,

काशम्माला काही नको. ती आता रोज येते, अव्वाजवळ बसते, बिब्ब्याचं नाव काढत न्हाय.

अव्वाच्या कानाखाली त्या काळ्या जागेवर भेग पडलीय. आधी केसागत होती. गळ्यातल्या इष्टलिंगाची दोरी घासते म्हणून आमी लिंग गळ्यातनं काढून दंडाला बांधलं, तरी भेग रुंदच होत चाललीय. लाल न्हाय, सूज न्हाय, ताप न्हाय. हितले डॉक्टर म्हणले, एवढी जखम आणि भोवती काहीच कसं न्हाय. मला तुजे राखणदार आठवले, पण ते डॉक्टरला मी काय सांगणार.

जेवण आंबिलीवर आलंय. तरी बोलते. काल म्हणली, मल्लूला कळवू नका, त्याची मुकी जनावरं उपाशी राहतील. मी कळवतेय. गड्ड्याच्या आधी जमलं तर बघ. न जमलं तर गड्ड्याला ये, पण ये.

अक्का


मुंबई
२२ जानेवारी १९७९

ती. अक्का,

पोचलो. गाडीत बसायला जागा मिळाली. चटणीचा डबा फुटला नाही.

आठवडाभर तुझ्यासमोर होतो आणि एक शब्द बोललो नाही, तो आता लिहितो. दुकानाच्या पत्त्यावरच.

भोगीच्या दिवशी सकाळी तू आणि अव्वा शेजारी शेजारी पूजेला बसलात. मी अव्वाच्या पाठीला तक्क्या लावून मागे धरून बसलो होतो. दोघींनी डाव्या तळहातावर लिंग घेतलं आणि हात पुढे धरले. लहानपणापासून रोज बघतो ते, पण त्या दिवशी दोन्ही हात एकदम दिसले. अव्वाचा हात आतून कोरा होता, गव्हाच्या पिठासारखा. तुझ्या हाताला, मनगटाच्या वर, रुपयाएवढा तपकिरी डाग होता आणि त्याच्या कडेला बारके डाग.

माझं लक्ष कुठे आहे ते अव्वाला कळलं. पूजा झाल्यावर तिने हातावर पदर ओढला आणि म्हणाली, "डाग गेला बघ माजा. काशम्मानं तूप लावलं. पण उतला होता हं, लई उतला होता." मी म्हणालो, "व्हय की अव्वा, अक्कानं लिवलं होतं." ती म्हणाली, "मग निवांत राहा आता."

रात्रभर गाडीत तुझं ऑक्टोबरचं पत्र आठवत होतो. भाकरी थापता थापता हात थांबायचा. अव्वाने भाकरी थापली त्याला वर्षं झाली. बांगड्या सरकवून ठेवल्या. आप्पा गेले तेव्हाच अव्वाच्या हातातल्या बांगड्या उतरल्या. सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं आणि मी वाचलं नाही, मला वाचायचंच नव्हतं. दिवाळीला आलो असतो तर अव्वा चालत दारापर्यंत आली असती.

तुला एक विचारतो. तू एकाच बिब्ब्याने दोघींच्या हाताला ठिपका लावलास ना? बिब्बा जुना, वाळका असेल असं वाटलं म्हणून? आम्ही तेच करतो. आजारी जनावराला लावलं की तेच धडधाकट जनावराला लावून बघतो, म्हणजे औषधात खोट नाही हे कळतं. म्हणजे तुला ऑक्टोबरपासून माहीत होतं, आणि तू एकटीने ते घेऊन सण केलास, मला चटणी पाठवलीस.

मी रागावलेलो नाही. कुणावर रागावू? अव्वाला सांगू का, की मला कळलंय? तू म्हणशील तसं.

मल्लू


भवानी पेठ, सोलापूर
२९ जानेवारी १९७९

चि. मल्लू,

न्हाय सांगायचं.

व्हय, एकाच बिब्ब्याचं. आधी अव्वाला लावला. चार दिवस मी दर घटकेला तिचा हात उजेडात धरून बघायची, ती बी बघायची. काशम्माचा बिब्बा गेल्या सालचा असंल म्हणून मग माज्या हाताला लावला. मी अव्वाचीच लेक, मला बी उततोच. तिसऱ्याच दिवशी खाज सुटली. मी न्हाणीत जाऊन रडले. बाहेर आले तर अव्वा म्हणली, "तुला उतला न्हवं? मग तेच लिव त्याला. माज्या हाताचं लिव." मी म्हणले, खोटं कसं लिवू. म्हणली, "खोटं कुटं? उतला तर हाय. घरातल्या घरात."

मग तिनंच बसून विचारून विचारून लिवून घेतलं. कसं खाजतं, कवा पाणी सुटलं. तिला सगळं पाठ पाहिजे होतं, तू आलास तर सांगायला. बांगड्यांचं तिच्या बी ध्यानात आलं न्हाय आणि माज्या बी. दिवाळीला तू येत न्हाईस असं पत्र आलं तवा मात्र ती भिंतीकडं तोंड करून पडली. मी म्हणले, खरं कळवू का, येईल तो. मान हलवली. न्हाय म्हणली.

आता तिला बोलायला त्रास होतो. भेग आतपातूर गेलीय. आमी धुतो, पट्टी बदलतो, तिला काही लागत न्हाय. लागलं असतं तर बरं वाटलं असतं, हे आता मी बी म्हणाय लागले. डॉक्टर येतात आणि पट्टी चांगली बांधलीय म्हणतात. दुसरं काय म्हणतील ते?

तू गेलास त्या रात्री तिनं मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "मल्लूला पटलं का गं?" मी म्हणले, पटलं. तवा तिनं माजा हात ओढून घेतला, त्या डागावर अंगठा फिरवला, आणि तसाच धरून झोपली. लई दिवसांनी झोपली.

म्हणून न्हाय सांगायचं. ये, पण पटल्यागत ये. जनावरं कुणाला तरी सोपव आणि पत्र मिळालं की गाडीत बस. माजा हात अजून खाजतो. त्याला काय लावायचं ते लिवू नकोस, मला काही लावायचं न्हाय.

तुजी अक्का